आण्णांची टोपी आणि माझा मुकादम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच असल्यामुळे प्रमुखपदासाठी फारशी चुरस झाली नाही. कराडला इंजिनिअरिंग करून सांगलीला घरी परतलो होतो, पुण्यातल्या दोन कंपन्यांनी मला न घेण्याचा शहाणपणा केला होता आणि कारखान्याला ‘कम्प्युटर येणारा’ माणूस हवा होता. मला कम्प्युटर येत होता. दुसरं काहीच येत नव्हतं, पण ते कुणी विचारलं नाही.

कारखान्याचं कार्यक्षेत्र दोन जिल्ह्यांत पसरलेलं. थोडी गावं साताऱ्यातली, थोडी सांगलीतली. त्यांचे सहा गट केलेले आणि प्रत्येक गटाला एक ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, पाण्याचा माठ आणि माझ्या कारकिर्दीत आलेला एक जुनाट कम्प्युटर. त्याच्यावर कायम टर्किश टॉवेल पांघरलेला असे. मी त्याला सर्व्हर म्हणत असे. गटातले कारकून त्याला डबा म्हणत आणि आज खरं सांगायचं तर त्यांचा शब्द जास्त बरोबर होता.

या डब्यांचं काम एकच. कुणाच्या रानात कुठल्या तारखेला उसाची लागण झाली याची नोंद ठेवायची आणि त्या क्रमानं तोडणीची यादी काढायची. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. आमच्याकडे माणसं भावकीतलं भांडण एक वेळ विसरतील, पण तोडीचा नंबर विसरत नाहीत.

सहा डबे सहा तऱ्हांनी बिघडत. एकाचं घड्याळ अधूनमधून तीन वर्षं मागं जाई आणि कालच लावलेला ऊस तीन वर्षं रानात उभा असल्याचं दाखवी. दुसऱ्याला प्रिंटर ओळखू येत नसे. तिसऱ्यावर कुणीतरी काहीतरी बदललेलं असे आणि कुणीच काही केलेलं नसे. मग मी शबनम पिशवीत फ्लॉप्या घालून एसटीनं निघायचो. सहावं ऑफिस दुरुस्त होईपर्यंत पहिल्यानं पुन्हा मान टाकलेली असे. सहा महिने ही वारी-फेरी केल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे माझी पाठ दुखते. दुसरी म्हणजे हे काम माणसाचं नव्हे, यंत्राचं आहे.

मग मी प्रोग्राम लिहायला घेतला. सांगलीच्या स्टँडवर मिळालेल्या एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती. ती मी सगळ्या डब्यांवर आधीच चढवली होती. आता मुख्य ऑफिसातल्या मशीननं फोनच्या तारेवरून एकेका गटाच्या मशीनला गाठायचं, हातात एक यादी धरायची आणि तपासायचं. या मशीनवर अमुक प्रोग्राम पाहिजेत, आहेत का? नसतील तर घाल. अमुक सेटिंग असं पाहिजे, आहे का? नसेल तर बदल. घड्याळ बरोबर आहे का? नसेल तर लाव. एवढंच. त्याचं नाव मी ठेवलं ‘मुकादम’. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम स्वतः कोयता उचलत नाही, फडात उभा राहून कोण कुठल्या सरीत ते सांगतो. माझाही मुकादम तसाच होता. एसटीनं आठवडा खाणारं काम तो दुपारच्या जेवणाआधी उरकून टाकी. फोन चालू असला तर.

पहिल्यांदा सहाही गटांत काम नीट झालं त्या दिवशी मी एकटाच खुर्चीत बसून स्वतःला शाबासकी दिली. दुसरं कोणी देण्यासारखं नव्हतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं, आता उन्हातनं हिंडायला नको.” या शोधाचं इतकं नेमकं वर्णन नंतर कुणीच केलं नाही.

पण मला जगानं वर्णन करायला हवं होतं. तेव्हा सांगलीत इंटरनेट म्हणजे मोडेमची किरकिर ऐकत जोडणी लागायची वाट बघणं. तसा बसून मी मुकादम सगळ्या जगासाठी खुला केला. कुणीही घ्या, वापरा, आतला कोड वाचा, चुका सुधारा आणि सुधारलेलं परत पाठवा. अशा कामांची चर्चा करणारी एक मेलिंग लिस्ट होती, तिथं मी माझ्या इंग्रजीत जाहिरात केली. महिनाभर कुणी विचारलं नाही. मग कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाची मेल आली. त्यानं मुकादम चक्क चालवून पाहिला होता आणि दोन चुका दुरुस्तही करून पाठवल्या होत्या. ती मेल मी प्रिंट काढून खिशात घेऊन हिंडलो. चेअरमनसाहेबांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्यो मानूस आपला सभासद हाय का?”

आता आण्णांबद्दल सांगतो. आण्णा नदीकाठच्या एका गटात चिटबॉय होते. चिटबॉय म्हणजे गटातल्या उसाच्या नोंदी ठेवणारा आणि शेतकऱ्याला तोडीची चिठ्ठी देणारा माणूस. आण्णा पंचावन्न ओलांडलेले, दोन नातवंडांचे आजोबा, पण कारखान्याच्या पटावर बॉयच. पांढरी टोपी, सायकल आणि खाकी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही, इतका त्यांचा संसार रानोमाळ फिरत असे. ती वही कारखान्याची नव्हती, त्यांची स्वतःची होती. तिच्यात लागणीच्या तारखा नव्हत्या. तारखा पाळता याव्यात म्हणून जे लागतं ते सगळं होतं.

हे मला त्यांनी एकदा बांधावर उभं राहून समजावलं होतं. “सायेब, तुमची यादी म्हनती ह्याचा ऊस आधी. बरोबर हाय. पर ह्याचं रान मागं, वड्याला. फुडं दुसऱ्याचा ऊस उभा. गाडी काय उडत जानार हाय व्हय?” मग पुढच्याच्या उसातून चार सऱ्या आधी तोडून वाट पाडायची. तो का कबूल होणार? कारण त्याला पाणी मागच्याच्या विहिरीचं मिळतं. असे शेकडो समझोते. कुणाची वाट कुणाच्या रानातून, कोणाच्या घरी कोणत्या महिन्यात लग्न, कुठल्या दोघांच्या उसाला एकच टोळी धाडायची नाही. वीस-बावीस वर्षांचं हे सगळं त्या वहीत होतं आणि त्यामुळे त्यांच्या गटात तोडीवरून भांडण होत नसे.

मी हे ऐकलं आणि मला काय सुचावं? “आण्णा, हे कम्प्युटरमध्ये घालू या.”

आठ-नऊ महिने आण्णा दोन बोटांनी ती वही टाइप करत होते. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, आणि तेही त्यांच्या हिशेबानं. मी गेलो की विचारायचो, “जमतंय ना, आण्णा?” ते टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, “लय सोपं हाय की.” मी विचारायचो, “वहीपेक्षा बरं आहे ना?” पुन्हा टोपी सारखी करून, “झ्याक हाय.” मला वाटायचं, कम्प्युटरपुढे माणूस जरा व्यवस्थित बसतो. त्या उन्हाळ्यानंतर नवे समझोतेसुद्धा ते वहीत न लिहिता थेट मशीनवर घालू लागले. मीच सांगितलं होतं. माझे शब्द मला चांगले आठवतात, कारण मी ते जरा मोठ्यानं बोललो होतो: “आता डोक्यात काही ठेवू नका, आण्णा. खुशाल विसरा. मशीन लक्षात ठेवेल.”

दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. पूजा होते, भाषणं होतात आणि हंगामाचा पहिला विस्तव पडतो. त्या वर्षी चेअरमनसाहेबांना भाषणात कम्प्युटरबद्दल दोन वाक्यं हवी होती. मी त्यांना दोन पानं दिली. वर तोंडी एक कल्पनाही दिली. कारखान्यातला पहिला संगणकसाक्षर चिटबॉय आपल्या वहीची आहुती बॉयलरमध्ये देतो, असं दृश्य कसं वाटेल? साहेबांना फारच आवडलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो नवरा मी होतो. आण्णांच्या गळ्यात हार घातला, हातात त्यांचीच वही दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि आत सोडली. टाळ्या मीच सुरू केल्या. खाली उतरताना मी विचारलं, “आण्णा, वाईट नाही ना वाटत?” ते म्हणाले, “छ्या, वाईट कशाचं,” आणि टोपी सारखी करून गर्दीत मिसळले.

याच दिवसांत आणखी एका गटातल्या कारकुनानं कुठून तरी पत्त्यांचे आणि विटा रचायचे खेळ आणून मशीनवर भरले. डिस्क गच्च झाली आणि ऐन नोंदींच्या वेळी मशीन बंद पडलं. मला राग आला. मला राग आला की मी माणसाला काही बोलत नाही, प्रोग्राम लिहितो. मुकादमाला मी एक नवी शिकवण दिली: जे यादीत नाही ते काढून टाक. विचारायचं नाही, दया दाखवायची नाही. हा सुधारलेला मुकादम मी मोठ्या डौलात मेलिंग लिस्टवरही टाकला.

थंड देशातल्या माणसाचं उत्तर चारच दिवसांत आलं. त्यानं सभ्यपणे लिहिलं होतं की तुमच्या यादीला जे माहीत नाही ते निरुपयोगीच असेल असं नाही, निदान पुसण्याआधी विचारायची सोय ठेवा. मी त्याला लांबलचक उत्तर दिलं. त्यात शिस्त हा शब्द इंग्रजीतून पाच वेळा आला होता. सर्व्हरवर काय असावं हे सर्व्हरच्या मालकाला ठाऊक असलंच पाहिजे, नसेल तर तो मालक नव्हे, असं काहीतरी त्याचं सार होतं. ते पाठवून मी जेवायला गेलो आणि चांगला जेवलो.

दुसऱ्याच सोमवारी दुपारी मुकादम सहाही गटांत फिरला. खेळ तोवर पाच गटांत पसरले होते, ते सगळे गेले. सहाव्या ठिकाणी आण्णांची फाइल गेली. यादी मीच केली होती आणि तिच्यात आण्णांची फाइल घालायची मला आठवण झाली नव्हती.

मंगळवारी आण्णांचा फोन आला. “सायेब, माजी वही दिसंना.” मी हसून म्हटलं, “बॅकअप आहे, काळजी करू नका.” बॅकअप होताच. दर सोमवारी मुकादमच तो घेत असे आणि जे यादीत आहे तेवढंच घेत असे. आण्णांची फाइल एकाही बॅकअपमध्ये कधीच गेली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण बैल रिकामा म्हणजे काय ते त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

टोळ्या त्या गटात दहा दिवसांनी उतरणार होत्या. तोवर कुणाच्या वाटा कुठून ते पुन्हा उभं राहिलं नाही, तर यादीप्रमाणे तोड सुरू होणार, मागची रानं अडकणार आणि बावीस वर्षं न झालेली भांडणं आण्णांच्या शेवटच्या हंगामात होणार. ते चैत्रात निवृत्त व्हायचे होते. मी पहिल्या एसटीनं गेलो. ऐकून ते ओट्यावर बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग उठून सायकल काढत म्हणाले, “चला. रान हाय की जाग्याव.”

आठ दिवस आम्ही चालत होतो. आण्णा पुढे, मी मागे, शंभर पानी वही आणि पेन घेऊन. मी म्हटलं, शेतकऱ्यांनाच विचारू या. आण्णा म्हणाले, “इचारू नगा. लोकांना इचारलं तर परत्येकाची वाट दुसऱ्याच्याच रानातनं जाती.” ते बांधावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायला लागायचे. ही चिंच, म्हणजे हितनं गाडी वळत नाही. हा पाट, म्हणजे ह्याला उजवीकडून. एकेक रान बघितलं की एकेक पान आठवे. मी लिहून घेत होतो, बोटांना घट्टे पडत होते आणि मनातल्या मनात मी स्वतःला जवळजवळ माफ केलं होतं. टोळ्या आल्या. तोड सुरू झाली. भांडणं झाली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तर मी पुन्हा शीळ घालायला लागलो होतो.

ओढ्याकाठी एका निवृत्त सुभेदारांचं दीड एकराचं रान होतं. पुढच्या रानाचा मालक बदलला होता, म्हणून त्या पावसाळ्याच्या तोंडाला आण्णांनी त्या दोघांत नवा समझोता घडवला होता: पुढच्यानं चार सऱ्या आधी द्यायच्या, सुभेदारांनी उन्हाळ्यात पाणी द्यायचं. सुभेदार निश्चिंत होऊन लेकीकडे जतला गेले होते. त्या गावाला पाणी टँकरचं आणि लेकीचं घर बांधायचं चाललेलं, म्हणून मदतीला ते दोन महिने तिकडेच राहिले. परत आले तेव्हा टोळी ओढा ओलांडून पुढच्या शिवारात गेली होती. पुढचा ऊस उभा, मागे सुभेदारांचा ऊस उभा. टोळी त्या बाजूला पुन्हा फिरली ती मार्चात. तोवर सगळ्या फडाला तुरे आले होते. तुरा आला की ऊस आतून वाळत जातो, वजन मरतं.

आम्ही दोघं तिथं गेलो तेव्हा सुभेदार बांधावर ताठ उभे होते. एक ऊस मोडून त्यांनी आमच्यापुढे धरला. आत पांढरा भुसकट गाभा. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, “आण्णा, तुमी कवा इसरत न्हवता.”

वहीत बावीस वर्षांत जे जे लिहिलं होतं ते सगळं आण्णांना आठवलं होतं. गेलं होतं ते फक्त थेट मशीनवर घातलेलं. खुशाल विसरा, असं मी सांगितलेलं तेवढंच ते विसरले होते. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आण्णांनाही कळलं असणार. त्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, “वय झालं, सुभेदार. डोस्कं चालंना आता.” आणि पुन्हा एकदा टोपी सारखी केली. मी पायाजवळच्या एका ढेकळाकडे बघत होतो. ‘माझ्यामुळं झालं’ हे दोन शब्द. सव्वीस वर्षांचा घोडा, जगभर आपला कोड उघडा करून बसलेला, आणि एवढं उघडं करायला तोंड उघडलं नाही.

चैत्रात आण्णा निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, चेअरमनसाहेबांनी भाषणात कम्प्युटरचं कौतुक केलं. मी मुकादमातलं ते कलम काढलं. आता यादीबाहेरचं काही दिसलं की तो थांबतो आणि विचारतो, हे कुणाचं आहे? उत्तर मिळेपर्यंत हात लावत नाही. थंड देशातल्या माणसाला लिहिलं, तुमचं बरोबर होतं. त्यानं कारण विचारलं. चिटबॉय, चार सऱ्या आणि ओढा हे मला इंग्रजीत जमेना, म्हणून लिहिलं, अनुभव. आजही कधी कुणी तक्रार करतं की तुमचं टूल मध्येच थांबतं, फार वेळ घेतं. मी म्हणतो, घेऊ दे.

वर्षभरानं, म्हणजे गप्प राहणं अगदी सोसेना तेव्हा, मी सुभेदारांकडे गेलो. त्यांनी बाजेवर बसवलं, चहा सांगितला. मी तोंडपाठ करून आणलेलं बोललो. चूक आण्णांची नव्हती, फाइल माझ्या प्रोग्रामनं पुसली, विसरायला मीच सांगितलं होतं. सुभेदारांनी बशीतला चहा संपवला.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“आण्णांनी सांगितलं?”

“आण्णा कशाला सांगतोय. त्यो खोटं बोलाय लागला की टोपी सारखी करतो. उभ्या शिवाराला ठावं हाय. त्या दिशी बांधाव दोनदा केली. आन् तुमी ढेकूळ बघत हुता. मग कळाय किती येळ लागतोय?”

मी उठलो, त्यांना नमस्कार केला आणि स्टँडवर आलो. सांगलीची एसटी यायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं. लय सोपं हाय की, आणि टोपी. वहीपेक्षा झ्याक हाय, आणि टोपी. मग बॉयलरच्या पायऱ्या आठवल्या, गळ्यातला हार आठवला, आणि वाईट नाही ना वाटत, असं विचारणारा मी.